कुर्ल्याच्या एका गिरणीने जमशेटजी टाटांना जवळपास बुडवलं होतं

हार्बर लाइनने रोज ये-जा करत असाल तर जीटीबी नगर आणि कुर्ला यांच्या मध्ये एक छोटं स्टेशन लागतं. चुनाभट्टी. तिथे उतरून कुणाला पत्ता विचारला तर सांगणारा हमखास 'स्वदेशी मिल रोड'चा उल्लेख करतो. त्या नावातली मिल बंद पडून आता वीसपेक्षा जास्त वर्षं झाली. रिक्षावाल्यांना रस्ता माहीत आहे, पण ही मिल कुणी काढली आणि तिने त्या माणसाचं काय केलं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

ती मिल जमशेटजी नसरवानजी टाटांची. टाटा म्हटलं की आपल्याला जमशेदपूरचा पोलाद कारखाना आठवतो, बंगळुरूची आयआयएससी आठवते आणि गेटवेसमोरचं ताज आठवतं. गंमत अशी की या तिघांपैकी जमशेटजींनी डोळ्यांनी पूर्ण झालेलं पाहिलं ते फक्त ताज. तेही मरणाच्या पाच महिने आधी. त्यांचं हयातीतलं खरं काम म्हणजे कापडगिरण्या. ते गिरणीवाले होते.

हे इतक्या बारकाईने सांगता येतं, कारण या घराण्याचे कागद टिकले. पुण्यात मंगलदास रोडवर टाटा मॅनेजमेंट ट्रेनिंग सेंटरच्या आवारात टाटा सेंट्रल अर्काइव्हज आहे. पत्रव्यवहार, करार, हिशेब, फोटो असं सगळं तिथे जपलेलं आहे. 1991मध्ये हे काम सुरू झालं आणि 2001पासून ते पुण्यात आहे. आपल्याकडे उद्योगघराण्यांनी कागद सांभाळायची सवय तशी नवीच. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या पॉटकेटमध्ये सॅम्युअल स्लेटरने 1793मध्ये सूतगिरणी उभारली, तिच्या घराण्याचे जमाखर्च हार्वर्डच्या बेकर लायब्ररीत ठेवलेले आहेत. डेलावेअरमध्ये ड्यू पाँ घराण्याच्या बारूद-गिरणीच्या जागेवर अख्खं हॅगली नावाचं संग्रहालय आणि ग्रंथालय उभं आहे. त्यामुळे तिथे 200 वर्षांपूर्वी सुताचा भाव काय होता आणि मजुराला किती मिळायचं, यावर संशोधक भांडू शकतात. मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854मध्ये ताडदेवला काढली आणि 1856मध्ये ती सुरू झाली. त्यानंतर शहरात डझनांनी भोंगे वाजले. पण त्या गिरण्यांपैकी किती जणांची दप्तरं आज आपल्याला वाचायला मिळतात, हा प्रश्न अवघड आहे.

असो. जमशेटजींची गोष्ट कागदांच्याच वाटेने सांगू, कारण त्यांच्या आयुष्याला पहिला मोठा धक्का दिला तोही कागदांनीच.

लंडनला नेलेली रद्दी

जन्म 3 मार्च 1839, गुजरातेतलं नवसारी. घराणं पारशी धर्मगुरूंचं, पण वडील नसरवानजी पौरोहित्य सोडून मुंबईला व्यापारात आले. मुलगा तेराव्या-चौदाव्या वर्षी मुंबईत आला, एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये शिकला आणि 1858मध्ये शिक्षण संपवून वडिलांच्या पेढीत रुजू झाला. पुढच्याच वर्षी त्याची रवानगी हाँगकाँगला. चीनशी व्यापार म्हणजे तेव्हा कापूस आणि अफू. मुंबईच्या बहुतेक मोठ्या व्यापारी पेढ्यांप्रमाणे टाटांच्या पेढीचंही नाव अफूच्या व्यापाराशी जोडलेलं आहे. गौरवलेखांत हा भाग सहसा गाळतात. गाळायचं कारण नाही. मुंबईच्या श्रीमंतीचा पाया कशावर रचला गेला, ते त्यातूनच कळतं.

1861मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस आटला. मग सगळे मुंबईकडे वळले. भाव असे चढले की लोकांनी गाद्या उसवून कापूस विकल्याच्या कथा आजही सांगतात. पैसा इतका आला की ठेवायला जागा नाही, म्हणून बँका निघाल्या, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या शेअरचा सट्टा सुरू झाला. या खेळाचे राजे होते प्रेमचंद रायचंद. टाटाही या लाटेत होते. लंडनमध्ये एक भारतीय बँक काढायची ठरली आणि 1864च्या अखेरीस पंचविशीतले जमशेटजी हुंड्या आणि रोख्यांचं बाड घेऊन बोटीत बसले.

एप्रिल 1865मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि कापसाचा भाव धाडकन पडला. जुलै उजाडेपर्यंत मुंबईत एकामागून एक पेढ्या बसल्या. जमशेटजी लंडनमध्ये होते आणि त्यांच्या हातातले कागद रद्दीच्या भावाचे झाले होते. बँक राहिली बाजूला, दारात देणेकरी उभे राहिले.

आता अशा वेळी माणूस दोन गोष्टी करू शकतो. गायब होणं ही त्यातली सोपी. जमशेटजी देणेकऱ्यांकडे स्वतः गेले आणि परिस्थिती होती तशी मांडली. त्याचा परिणाम असा झाला की देणेकऱ्यांनी त्यांनाच त्यांच्या व्यवहाराची निरवानिरव करायला नेमलं. पगार महिन्याला 20 पौंड. इकडे मुंबईत वडिलांनी मालमत्ता विकून देणी फेडायला सुरुवात केली.

या घराण्याला सावरलं ते एका युद्धाने. अॅबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, सम्राटाने काही ब्रिटिशांना कैद केलं होतं. त्यांना सोडवायला जनरल नेपियरची फौज मुंबईहून निघाली आणि तिला रसद पुरवायचा ठेका ज्या व्यापाऱ्यांच्या गटाला मिळाला त्यात नसरवानजी होते. तयारी लांबच्या मोहिमेची होती, पण एप्रिल 1868मध्ये मगदलाचा किल्ला पडला आणि युद्ध आटोपलं. ठेकेदारांचा फायदा मात्र झालाच. त्याच वर्षी जमशेटजींनी 21,000 रुपयांवर स्वतःची पेढी काढली. टाटा समूह आपला जन्म याच वर्षापासून मोजतो.

चिंचपोकळीतून नागपूरला

गिरणीतला पहिला हात त्यांनी चिंचपोकळीला मारला. दिवाळं निघालेला एक तेलाचा घाणा 1869मध्ये घेतला, त्याची कापडगिरणी केली, अलेक्झांड्रा मिल असं नाव दिलं आणि दोनेक वर्षांत नफ्यात विकून टाकली. नंतर ते इंग्लंडला गेले, लँकेशायरच्या गिरण्या हिंडून पाहिल्या आणि परत आल्यावर मुंबई सोडून नागपूर निवडलं.

तेव्हा हा निर्णय लोकांना वेडेपणा वाटला. गिरणी म्हणजे मुंबई हे समीकरण होतं. पण जमशेटजींचा हिशेब सरळ होता. कापूस विदर्भात पिकतो, रेल्वे 1867मध्ये नागपूरला पोहोचली आहे, दगडी कोळसा वरोऱ्याच्या बाजूला आहे आणि कापड विकत घेणारा बाजार तिथेच आहे. मग कापूस मुंबईला नेऊन कापड परत कशाला आणायचं? जुम्मा तलावाजवळची पाणथळ जागा त्यांनी घेतली. असं सांगतात की एका स्थानिक सावकाराने पैसे गुंतवायला नकार दिला, कारण चिखलात सोनं ओतणाऱ्याला कर्ज देण्यात त्याला अर्थ वाटेना. पुढे त्याच सावकाराने आपली चूक कबूल केल्याचंही सांगतात.

1874मध्ये 15 लाख भांडवलाची कंपनी झाली. 1 जानेवारी 1877 रोजी व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं आणि त्याच दिवशी नागपूरची गिरणी सुरू झाली. नाव अर्थातच एम्प्रेस मिल. मॅनेजर म्हणून त्यांनी निवडले बेझनजी दादाभाई मेहता. ते रेल्वेच्या माल खात्यातून आलेले, गिरणीचा अनुभव शून्य. पण जमशेटजींना माणूस वाचता यायचा आणि बेझनजींनी ती गिरणी उभी करून दाखवली.

सुरुवातीला स्वस्तात आणलेल्या यंत्रांनी दगा दिला आणि ती बदलावी लागली. हा धडा जमशेटजी विसरले नाहीत. 1880च्या दशकात त्यांनी रिंग फ्रेम आणल्या. तेव्हा लँकेशायर म्यूल नावाच्या जुन्या पद्धतीच्या साच्यांवर सूत काढत होतं आणि त्याला रिंगवर फारसा भरवसा नव्हता. म्यूलवर सूत ओढलं जातं, मग थांबून गुंडाळलं जातं, परत ओढलं जातं. रिंगवर ओढणं, पीळ देणं आणि गुंडाळणं न थांबता चालतं, म्हणून माल जास्त निघतो आणि तो चालवायला फार मुरलेला कारागीरही लागत नाही. नागपूरच्या शेतातून नुकताच आलेला माणूस ते शिकू शकत होता.

गिरणीत हवेसाठी आणि दमटपणासाठी यंत्रं बसवली गेली, आगीसाठी पाण्याचे फवारे आले. 1886-87च्या सुमारास पेन्शन फंड सुरू झाला. 1895मध्ये अपघात झालेल्या कामगाराला भरपाई द्यायची सोय झाली आणि 1901मध्ये भविष्यनिर्वाह निधी आला. तुमच्या सॅलरी स्लिपवर पीएफची जी ओळ असते तिचा कायदा देशात झाला 1952 साली. अपघाताच्या भरपाईचा कायदा 1923चा. म्हणजे एम्प्रेस मिल पुष्कळ आधी पोहोचली होती.

पण भारतात नोंद झालेल्या अगदी सुरुवातीच्या संपांमध्ये ज्याचं नाव घेतलं जातं तो संपही याच एम्प्रेस मिलचा. साल 1877, कारण मजुरीचा दर. म्हणजे गिरणी सुरू झाली त्याच वर्षी. पेन्शन फंड आणि संप, दोन्ही एकाच दारातून बाहेर आले.

मग आलं कुर्ला

एम्प्रेस जोरात चालली होती. जमशेटजींना आता बारीक सुताचं तलम कापड विणायचं होतं, जे तोवर लँकेशायरहून यायचं. 1886मध्ये कुर्ल्याची धरमसी मिल विकायला निघाली. कुर्ला तेव्हा मुंबईच्या हद्दीबाहेर, साष्टीत होतं. गिरणी अवाढव्य होती आणि ती उभारायला लागलेल्या पैशाच्या मानाने मिळत होती कवडीमोलाने, साडेबारा लाखांत. जमशेटजींनी ती घेतली आणि नाव ठेवलं स्वदेशी मिल. बंगालच्या फाळणीनंतर 1905मध्ये स्वदेशीची चळवळ पेटली, त्याच्या 19 वर्षं आधीची ही पाटी. भांडवल इथल्याच लोकांचं असावं असा त्यांचा आग्रह होता.

स्वस्त का मिळाली ते महिन्याभरात कळायला लागलं. यंत्रं झिजलेली होती, इमारतीची दुर्दशा होती आणि मालाची इतकी बदनामी झालेली की पूर्वेकडचे व्यापारी नाक मुरडायचे. नफा तर सोडाच, रोजचा खर्च भागेना. शेअरची किंमत कोसळली. ज्यांनी टाटांच्या नावाकडे पाहून पैसे लावले होते ते कुजबुजायला लागले. जमशेटजींनी बँकेकडे उचल मागितली आणि बँकेने ती नाकारली. नागपूरच्या यशाने मिळवलेली पत अशी कुर्ल्यात संपत होती.

इथून सुटायचा एक कायदेशीर मार्ग होता. कंपनी बुडू द्यायची. मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत मालकाचं घर जात नाही. जमशेटजींनी कुटुंबासाठी एक ट्रस्ट करून ठेवला होता, म्हणजे उद्या धंद्यात काही झालं तरी घरच्यांना धक्का लागू नये. तो ट्रस्ट त्यांनी मोडला. सोन्याचं अंडं देणाऱ्या एम्प्रेसचे स्वतःचे काही शेअर विकले. आलेला पैसा कुर्ल्याच्या गिरणीत घातला.

मला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड निर्णय हाच वाटतो. पोलाद कारखान्याचं स्वप्न पाहण्यात भव्यता आहे. भंगार निघालेल्या गिरणीसाठी बायकोपोरांच्या नावे ठेवलेली तजवीज काढून घेण्यात भव्य असं काही नाही, आणि हे फसलं असतं तर आज त्याला आपण हट्ट म्हटलं असतं. बरं, लंडनच्या प्रसंगी ते तरुण होते. इथे ते पन्नाशीला टेकले होते.

पैशाबरोबर माणसंही आली. नागपूरच्या एम्प्रेसमधले तयार झालेले लोक कुर्ल्याला हलवले गेले. जुने साचे टप्प्याटप्प्याने काढून नवीन बसवले. काही वर्षांनी स्वदेशी मिलचा माल परत बाजारात मान धरून उभा राहिला आणि भागधारकांच्या हाती लाभांश पडू लागला.

या धडपडीतून त्यांची आणखी भांडणं उभी राहिली. चीन-जपानला सूत पाठवायचं तर पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीचे दर मोडून टाकणारे होते. 1890च्या दशकात जमशेटजींनी जपानच्या निप्पॉन युसेन कायशाबरोबर स्वतःची जहाजं सुरू केली. पी अँड ओने दर इतके पाडले की टाटांना ती सेवा बंद करावी लागली. ही लढाई ते हरले. नंतर 1896मध्ये सरकारने भारतात विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला, लँकेशायरला बरं वाटावं म्हणून. त्याविरुद्ध त्यांनी आकडेमोड करून लिखाण केलं. त्याच वर्षी इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस भारतात कसा पिकवता येईल यावर एक पुस्तिकाही काढली. तलम कापडाचा नाद त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

जपून ठेवलेले कागद

जमशेटजी स्वतः कागद सांभाळणारे होते. 1882मध्ये फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला होता, चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाबद्दल. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर आणि गडचिरोली. सरकारचे खाणीचे नियम तेव्हा इतके जाचक होते की कारखाना शक्य नव्हता. जमशेटजींनी विषय डोक्यात ठेवला तो थेट 1899पर्यंत, नियम सैल होईपर्यंत. मग 1902मध्ये ते अमेरिकेला गेले, पिट्सबर्गच्या पोलादवाल्यांना भेटले आणि न्यूयॉर्कला चार्ल्स पेज पेरिन या इंजिनिअरला गाठलं. पहिला शोध चांद्यातच झाला. तिथे जमलं नाही आणि मग कारखाना पूर्वेला गेला. नाहीतर जमशेदपूर कदाचित आपल्या विदर्भात असतं.

त्याच 1902 साली परदेशातून मुलगा दोराबजीला लिहिलेल्या पत्रात ते न झालेल्या कारखान्याच्या गावाबद्दल सूचना देतात. रस्ते रुंद हवेत, लवकर वाढणारी सावलीची झाडं हवीत, मैदानं हवीत, देऊळ, मशीद, चर्च यांना जागा राखलेली हवी. दुसरं गाजलेलं पत्र 23 नोव्हेंबर 1898चं, स्वामी विवेकानंदांना लिहिलेलं. 1893मध्ये दोघं जपानहून व्हँकुव्हरला एकाच बोटीने गेले होते. त्या ओळखीचा धागा धरून जमशेटजींनी आपल्या नियोजित विज्ञान संस्थेसाठी त्यांची मदत मागितली. संस्थेसाठी त्यांनी 30 लाखांची मालमत्ता देऊ केली होती. ती संस्था म्हणजे बंगळुरूची आयआयएससी, जी 1909मध्ये स्थापन झाली.

उपनगरात राहणाऱ्यांसाठी एक राहिलंच. जुहूला 1890च्या दशकात त्यांनी जमीन घेतली, बंगला बांधला आणि जुहू तारा भागात 1,200 एकरांचा आराखडा आखला होता. एक-एक एकराचे 500 प्लॉट, समुद्रकाठचं विश्रांतीस्थान आणि माहीमचा कॉजवे वाढवून सांताक्रूझपर्यंत रस्ता. आज तिथे वन बीएचकेचा भाव ऐकून जीव दडपतो, तिथे या माणसाला प्लॉट एक एकराचे पाडायचे होते.

19 मे 1904 रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे ते गेले. इंग्लंडमध्ये ब्रुकवूडच्या पारशी दफनभूमीत त्यांची कबर आहे. टिस्को 1907मध्ये झाली, पोलाद 1912मध्ये निघालं.

एम्प्रेस मिलच्या जागी आता नागपुरात एम्प्रेस सिटी मॉल आहे. स्वदेशी मिलचा भोंगा 2000च्या आसपास थांबला आणि पुढची कित्येक वर्षं कामगारांच्या थकीत देण्यांचा वाद कोर्टात चालला. मालकांची पत्रं पुण्यात वातानुकूलित खोलीत आहेत. आपल्या विक्रोळीतच 2006पासून गोदरेजचं अर्काइव्ह आहे आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी तिथे बनलेल्या मतपेट्यांची गोष्टही जपलेली आहे. गिरणी कामगारांच्या बाजूचे कागद इतके एकत्र कुठे बसत नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि 1890मध्ये त्यांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, तो लढा 'दीनबंधु'च्या पानांवर सापडतो. 1982च्या संपानंतर विखुरलेल्या गिरणगावाच्या लोकांना मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी बोलतं केलं आणि 2004मध्ये त्याचं पुस्तक आलं. बाकी बरंचसं घरोघरी आहे. हजेरीचं कार्ड, पगाराची चिठ्ठी, पीएफची स्लिप, गेट पास. चुनाभट्टीच्या एखाद्या चाळीत, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले.